गोटी सोडा, रासबेरी, जिंजर आणि बाकी सगळं: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी पेटली की सोलापुरात दोन चौकशा सुरू होतात. एक, पाणी कितव्या दिवशी येणार. आणि दुसरी, चांगला सोडा कुठे मिळणार. पहिलीचं उत्तर आमच्याकडे नाही. दुसरीबद्दल मात्र बोलावं तितकं थोडं. पाव्हणेरावळे, शेजारपाजारचे, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, असे सगळे मिळून जे विचारत असतात, ते इथे एका जागी घातलं आहे. क्रम लावलेला नाही. हवा तो प्रश्न वाचा.

जुन्या पद्धतीचा सोडा म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

गोटीची बाटली तर आलीच. शिवाय पत्र्याचं बूच असलेल्या काचेच्या बाटल्यांतून गावातलाच कुणीतरी भरतो ते लेमन, ऑरेंज, पायनापल, जिरा. पुण्या-मुंबईच्या पारशी-इराणी मंडळींचे रासबेरी, जिंजर आणि आईस्क्रीम सोडा. सुरतेचा सोस्यो, तमिळनाडूचा बोवोन्टो अशी एकेका मुलखाची लाडकी पेयं. थोडक्यात, जी बाटली सगळ्या देशात सारखी मिळत नाही आणि जिचं नाव काढल्यावर कुणीतरी ‘आमच्याकडचं प्यायलाय का?’ असं विचारतं, ती या यादीत बसते.

बाटलीत गोटी जाते कशी आणि वर अडकून राहते कशी?

हा प्रश्न पोरं विचारतात, पण उत्तर ऐकायला बापच पुढे सरकतात.

गोटी बाटली बनतानाच आत जाते. मानेचा वरचा भाग काच गरम असताना घडवतात, त्याआधी गोटी आत टाकलेली असते. ओठाच्या आतल्या बाजूला एक खाच असते आणि त्या खाचेत रबरी वायसर बसवलेला असतो. गोटी या वायसरच्या भोकापेक्षा किंचित मोठी. मान मध्येच चिमटीत धरून दाबल्यासारखी अरुंद केलेली असते, त्यामुळे गोटी खाली बाटलीच्या पोटात पडत नाही. मानेतल्या छोट्या कोठडीतच फिरत राहते.

आता भरणं. छोट्या कारखान्यातलं हातयंत्र एकदा जवळून बघा. साखरपाक किंवा इसेन्स घालून थंड पाण्याने बाटली गळ्यापर्यंत भरतात आणि लोखंडी पेटीत आडवी बसवतात. पेटीला जाळी असते, कारण एखादी बाटली फुटली तर काच अंगावर येऊ नये. सिलिंडरची कळ पिळली की गॅस बाटलीत शिरायला लागतो. भरणारा एका हाताने दांडा धरून पेटी गरगर फिरवतो, म्हणजे गॅस पाण्यात मुरतो. शेवटी बाटली उलटी होते, गोटी घरंगळत येऊन वायसरवर बसते, ‘टक्’ असा आवाज येतो आणि कळ बंद. त्यानंतर बाटली सुलटी करा, आडवी करा, गोटी हलत नाही. आतला गॅसच तिला वर दाबून धरतो. ना बूच, ना झाकण, ना चिकटपट्टी. गॅस कमी भरला असेल तर गोटी नीट बसतच नाही, म्हणजे माल कसा भरलाय हे बाटली आपणहून सांगते.

ही करामत हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची. त्याने १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. वीस वर्षांनी, १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याच्या बुचाचं पेटंट घेतलं. ते बूच स्वस्त आणि यंत्राने झटपट बसणारं, त्यामुळे इंग्लंडात गोटीची बाटली हळूहळू गेली. आपल्याकडे आणि जपानात मात्र टिकली. जपानमधलं ‘रामुने’ आजही गोटीच्याच बाटलीत मिळतं.

फोडायचा कसा? आणि पिताना गोटी तोंडाशी येऊन वाट अडवते, त्याला काय करायचं?

गाडीवाला लाकडी ठोकळा गोटीवर ठेवून वरून तळहाताचा एक फटका देतो. ‘फट्ट’ आवाज होतो, थोडा फेस उसळतो, गोटी कोठडीत पडते. काही जुने लोक नुसत्या अंगठ्याने फोडतात. हौस म्हणून करून बघायला हरकत नाही, पण बाटली अंगापासून लांब धरा आणि तोंड जवळ आणून आत डोकावू नका. गॅस जोरात भरलेला असतो.

आता गोटीचं. बाटलीची मान नीट बघा, एका बाजूला दोन छोटे उंचवटे आत गेलेले दिसतील. पिताना ती बाजू खाली ठेवायची. बाटली कलली की गोटी त्या उंचवट्यांवर अडकून बसते आणि वाट मोकळी राहते. उंचवटे वर ठेवलेत की गोटी घरंगळत तोंडाशी येणार आणि तुम्ही बाटली हलवत बसणार. आयुष्यभर सोडा पिऊन हे ठाऊक नसलेली माणसं आमच्या घरातच आहेत.

सोलापुरात चांगला सोडा कुठे मिळतो?

दुकानाचं नाव सांगणार नाही. एक तर गाड्या जागा बदलतात, आणि दुसरं म्हणजे आज उत्तम असलेला सोडा पुढच्या उन्हाळ्यात माणूस बदलला की बिघडतो. संध्याकाळी पार्क चौपाटीला, सात रस्त्याला, नवी पेठेत आणि पूर्व भागातल्या चौकांत चक्कर मारा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असेल तर होम मैदानावर. थंडीतसुद्धा तिथे सोडा खपतो, कारण तिथे भजी, चाट आणि धूळ हे तिन्ही असतं.

जागा निवडताना आम्ही तीन गोष्टी बघतो. बाटल्या सावलीत आहेत का. रिकाम्या बाटल्यांचा ढीग मोठा आहे का, म्हणजे माल पटापट जातो. आणि गाडीवाल्याला ‘अण्णा, आजचाच भरलेला आहे का?’ असं विचारल्यावर तो चिडतो का. चिडला तर पुढची गाडी.

काय मागवावं? सगळ्यांत एकच चव लागते.

एकच लागते, कारण बहुतेक ठिकाणी साखर आणि आम्ल तेच, रंग आणि इसेन्स तेवढे वेगळे असतात. ऑरेंजमध्ये संत्रं आणि पायनापलमध्ये अननस शोधायला जाऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या बाटलीवरही बारीक अक्षरात फळ नसल्याचं लिहिलेलं असतंच की.

आमचा क्रम असा. पहिल्यांदा साधा सोडा, काही न घालता. त्यात पाण्याची चव आणि गॅसचा जोर दोन्ही उघडे पडतात. लपायला जागाच नसते. तो चांगला असेल तर त्या गाडीवर खारा: लिंबू, काळं मीठ, थोडं जिरं. गोडातलं काही हवं असेल तर जिरा सोडा किंवा लेमन. रोझ आणि हिरवागार खस पोरांसाठी ठीक. विजापूर वेशीकडे बिर्याणी चापल्यावर मात्र आमचं मत फिरतं. तिथे गोड लेमनच पाहिजे, खारा त्या मसाल्यापुढे फिका पडतो.

बुचाच्या बाटल्यांत जिंजर मिळाला तर सोडू नका. आल्याचा तिखटपणा आणि गॅसचा झणका एकमेकांना धरून जातात, म्हणून साखर कमी असली तरी पेय पोकळ लागत नाही. आईस्क्रीम सोडा म्हणजे व्हॅनिलाचा गोड सोडा, त्यात आईस्क्रीम नसतं. ज्यांना आवडतो त्यांना फार आवडतो. आम्हाला नाही.

खारा सोडा करताना निम्मा ग्लासबाहेर जातो. असं का?

मीठ शेवटी घालता म्हणून. सोड्यातला गॅस बाहेर पडायला खडबडीत जागा शोधत असतो आणि मिठाचा प्रत्येक दाणा त्याला तशी जागा देतो. वरून मीठ टाकलं की एकाच वेळी हजारो बुडबुडे सुटतात. मग सांडतो तो सोडा, आणि ग्लासात उरतं ते खारट पाणी.

आधी ग्लासात लिंबू पिळा, त्यात मीठ आणि जिरेपूड पूर्ण विरघळवा, मग ग्लास तिरका धरून सोडा कडेने सोडा. चमच्याने ढवळायचं असेल तर एकदाच, खालून वर. चांगले गाडीवाले हे नेमकं असंच करतात. मीठ वरून भुरभुरवून फेस उडवणारे तमाशा छान करतात, पण गॅस तुमच्या पोटात जाण्याऐवजी हवेत जातो.

पुण्या-मुंबईतले नावाजलेले सोडे सोलापुरात का मिळत नाहीत?

या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४ पासून. मुंबईतलंच ड्यूक्स १८८९ चं, पांडोळे कुटुंबाचं. रासबेरी सोड्याशिवाय पारशी लग्नाचं जेवण पुरं होत नाही म्हणतात. ही नावं इतकी जुनी, मग पुण्याहून अडीचशे किलोमीटरवर सोलापूरला यायला काय झालं?

बाटलीने अडवलं. काचेची बाटली आतल्या मालापेक्षा महाग असते. ती परत आली, धुतली, पुन्हा भरली, तरच धंदा परवडतो. म्हणजे बाटली जितकी लांब जाईल तितकी परत यायला उशीर, वाटेत फूटतूट जास्त, आणि रिकाम्या काचेसाठी ट्रकचं भाडं. गोटीच्या बाटलीची काच तर आणखी जाड. त्यामुळे टेम्पो सकाळी निघून संध्याकाळी रिकामे क्रेट घेऊन परत येईल, तेवढाच एका सोडेवाल्याचा मुलूख. अशा मुलखामुळेच प्रत्येक शहराची चव वेगळी राहिली. तिथलं पाणी, तिथला इसेन्सवाला, तिथल्या गिऱ्हाइकाची आवड. सोलापूरच्या माणसाला गॅस कडक लागतो. ‘काय बे, गॅसच नाही की ह्याच्यात’ ही इथली तक्रार, गोड कमी असल्याची नव्हे.

प्लॅस्टिकची बाटली आली आणि हा हिशेब मोडला. ती परत आणायची नसते, म्हणून पेय कुठेही जाऊ शकतं. मग एका जागी प्रचंड कारखाना काढून तीच चव सगळीकडे पाठवणं परवडायला लागलं. लहान सोडेवाले बंद पडण्यामागे मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आहेतच, पण आमच्या मते त्याहून मोठा हात या परत न येणाऱ्या बाटलीचा.

म्हणून रासबेरी प्यायची असेल तर पुण्याला गेल्यावर प्या. इथे मागवण्याचा खटाटोप करू नका.

गोल्ड स्पॉट, डबल सेव्हन, कॅम्पा यांचं काय झालं?

१९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेलं. परकीय भांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याचा कायदा त्यांना मान्य नव्हता. ती जागा भरायला जनता सरकारच्या काळात मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ आणला; नावातले दोन सात म्हणजे ते सत्त्याहत्तर साल. तो फार चालला नाही. खरा फायदा झाला पार्लेचा. थम्स अप, लिम्का आणि आधीपासूनचा गोल्ड स्पॉट यांनी पुढची पंधरा वर्षं गाजवली. १९९३ मध्ये कोका-कोला परत आलं, पार्लेचे हे ब्रँड विकत घेतले, आणि गोल्ड स्पॉट बाजारातून गेला. थम्स अप मात्र घालवता आला नाही. लोकांनी सोडलाच नाही. ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीकडे गेलं.

कॅम्पा कोला दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सचा. तो २०२२ मध्ये रिलायन्सने घेतला आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणला. त्याच वर्षी सुरतेच्या सोस्योमध्येही रिलायन्सने निम्मा वाटा घेतला. सोस्यो १९२३ चा, म्हणजे शंभरी गाठतानाच भागीदार मिळाला. नवा कॅम्पा पिऊन ज्यांना जुना आठवतो त्यांच्याशी वाद घालू नये.

काचेच्या बाटलीतला सोडा खरंच जास्त चांगला लागतो, की मनाचे खेळ?

थोडे मनाचे, पण सगळे नाहीत. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपून बाहेर जातो. बाटली जितकी लहान तितका हा तोटा जास्त जाणवतो, आणि गरम गोदामात तो वाढतो. काचेतून गॅस जात नाही. शिवाय काच थंड राहते, हाताला आणि ओठाला ते कळतं. त्यामुळे दोन महिने दुकानात पडून असलेल्या प्लॅस्टिकच्या लहान बाटलीपेक्षा काचेची कधीही सरस. आज भरलेल्या प्लॅस्टिकपुढे मात्र जुनी काच जिंकेलच असं नाही.

सोड्याचा जिभेला झणका लागतो तो बुडबुड्यांमुळे ना?

नाही, आणि हे आम्हालाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. पाण्यात मुरलेला गॅस जिभेवर आम्ल तयार करतो आणि आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर बसलेलं एक विकर (एन्झाइम) ते काम करतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलं. बुडबुडे सुटणारच नाहीत इतक्या दाबाखाली सोडा प्यायला तरी झणका तसाच लागतो.

लेह-लडाखला जाताना विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर ॲसिटाझोलमाइडची गोळी देतात. ती हेच विकर रोखते. त्यामुळे गोळी चालू असताना तिकडे कोल्ड्रिंक मागवलं तर ते गॅस गेल्यासारखं लागतं. दुकानदाराशी भांडू नका, त्याचा दोष नाही.

किती थंड हवा? बर्फ घालावा का?

जितका थंड तितका गॅस पाण्यात टिकतो. शून्य अंशाच्या आसपास पाणी जेवढा गॅस धरून ठेवतं, त्याच्या निम्माही ते पंचवीस अंशांना धरत नाही. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून सोडा बाटलीतच गार झालेला हवा. कोमट सोडा फोडून वर बर्फ ओतला तर फोडतानाच गॅस उडून जातो आणि बर्फाचे खडबडीत तुकडे उरलासुरला बाहेर काढतात.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच तास ठेवा. फ्रीझरमध्ये काचेची बाटली विसरू नका, पाणी गोठताना फुगतं आणि बाटली तडकते.

गाडीवर बर्फ घालून घेणार असाल तर रंग बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा नियम आहे. निळसर लादीवर बाहेरून बाटल्या गार केल्या तर चालेल, पण तो बर्फ ग्लासात नको. पांढरा बर्फ दिसला म्हणजे तो नक्की चांगल्या पाण्याचा, असंही समजू नका. आम्ही गाडीवर ‘बिनबर्फाचा’च सांगतो.

क्रेट गाडीच्या डिकीत ठेवून सगळीकडे हिंडलो तर काय होईल?

काच फुटू शकते. गरम झालं की गॅस पाण्यातून बाहेर पडतो आणि दाब वाढतो. चांगल्या भरलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत खोलीच्या तापमानालाच मोटारीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किती होईल याचा अंदाज करा. खरवडलेली, ओरखडे पडलेली जुनी काच आधी जाते. न्यायचाच असेल तर संध्याकाळी न्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा, आणि पोरांच्या मांडीवर देऊ नका.

ऊन लागल्यावर सोडा चालतो का?

चालत नाही. तहान भागल्यासारखी वाटते, पण उन्हाने अंगातलं पाणी आणि क्षार गेले असतील तर ओआरएस, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक द्या. चक्कर, गरम कोरडी त्वचा किंवा असंबद्ध बोलणं असेल तर सरळ दवाखाना. सोडा बरं वाटल्यावर.

शुगर, बीपी, ॲसिडिटी असलेल्यांनी काय करावं?

गोड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. दिवसाला मिळून पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, शक्यतो पंचवीस, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोटीच्या बाटल्या लहान असतात हा त्यांचा एक गुण. शुगरवाल्यांनी साधा सोडा आणि लिंबू घ्यावं, त्यात गमतीची काही कमी नाही. बीपीवाल्यांनी खाऱ्यातलं काळं मीठ ‘नावाला’ सांगावं.

ॲसिडिटीवर सोडा हे औषध समजणारे पुष्कळ आहेत. ढेकर येते ती तुम्ही आत्ताच प्यायलेल्या गॅसची. पोट हलकं वाटतं हे खरं, पण जळजळ असेल तर गॅस आणि लिंबू दोन्ही ती वाढवू शकतात.

बाटली स्वच्छ आहे की नाही हे कसं ओळखायचं?

उजेडात धरा. तळाशी गाळ, कापसासारखे तंतू किंवा मानेच्या कोठडीत काळी कड दिसली तर परत करा. गोटीच्या बाटलीची खरी दुखरी जागा म्हणजे वायसर आणि त्याच्या मागची खाच. ब्रश तिथे सहज पोचत नाही. वायसर काळा, चिरलेला किंवा बुळबुळीत असेल तर आतला सोडा कितीही गार असू दे, नको. ओठ टवका उडालेला असेल तरी नको, काच तोंडात जाते.

बुचाच्या बाटलीवर लेबल असलं पाहिजे: भरल्याची तारीख, बॅच, आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. गाडीवरच्या गोटी सोड्यावर बहुतेकदा यातलं काही नसतं. तिथे भरणारा कोण हे विचारून घ्या, आणि जमलं तर त्याची जागा बघून या. चांगला माणूस आनंदाने दाखवतो. पाणी फिल्टरचं आहे का आणि सिलिंडर कुठला, हे दोन प्रश्न पुरे.

लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा नुकतंच कावीळ-टायफॉइडमधून उठलेल्याला आम्ही गाडीवरचा देत नाही. मग तो गाडीवाला आमचा कितीही लाडका असो.

घरी असं काही करता येईल का?

गोटी नाही, पण चव येईल. शंभर ग्रॅम आलं सालासकट ठेचा, दोनशे ग्रॅम साखर आणि पेलाभर पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, गार झाल्यावर गाळा, दोन लिंबं पिळा. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. तीन मोठे चमचे हा पाक आणि पेलाभर गार सोडा. पाकही गार असला पाहिजे, नाहीतर फेस होऊन संपेल.

कोकम आगळाचंही छान होतं: दोन चमचे आगळ, चमचाभर साखर, चिमूटभर जिरं, वर सोडा. आंध्रातल्या रायलसीमेकडचं कुणी ओळखीचं असेल तर नन्नारीचं सरबत मागवा. अनंतमुळाच्या मुळाचं ते सरबत सोड्यात घातलं की थोडं मातीसारखं, थोडं व्हॅनिलासारखं लागतं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला नाही.

खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करून ‘घरचा सोडा’ करू नका. गॅस जेमतेम होतो आणि खारट-साबणासारखी चव राहते. बंद बाटलीत कोरडा बर्फ टाकण्याचे प्रयोग तर अजिबात नकोत. बाटली फुटते आणि हात जातो.

लग्नात किंवा बारशाला सोड्याची गाडी बोलवायची आहे. काय ठरवावं?

भरून आणलेला माल की जागेवर भरणार, हे आधी विचारा. पाहुण्यांच्या निम्म्याइतक्या बाटल्या पहिल्या तासात जातात, मग मागणी एकदम पडते, म्हणून सगळ्या एकदम गार करून ठेवायला सांगू नका. फूटतूट कुणाच्या खात्यावर हे बोलून घ्या. फोडायला त्यांचाच माणूस हवा. आणि नवरदेवाच्या मित्रांना गाडीपासून लांब ठेवा, गोटीसाठी बाटल्या फोडायची हौस त्यांच्या वयाची असते. इंग्लंडमधली पोरंही एके काळी हेच करायची, त्यामुळे दोष आपल्याच पोरांचा आहे असं नाही.

मॉलमध्ये शंभर रुपयांच्या आसपास रंगीबेरंगी गोटी सोडा दिसतो. तो घ्यावा का?

बाटली ठेवून घ्यायची असेल तर घ्या. हा माल परदेशातही जातो. ‘गोली पॉप सोडा’ नावाने आखाती देशांतल्या दुकानांत पोचल्याचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितलं होतं. दुबईत राहणाऱ्या भाच्याला तो बघून भरून येईल, ते समजू शकतं. सोलापुरात राहून तो विकत घेणं आम्हाला समजत नाही. त्यातला गॅस प्रवास करून आलेला आणि किंमत बाटलीची.

आजोबांच्या घरात जुन्या गोटीच्या बाटल्या सापडल्या. त्यात सोडा भरून मिळेल का?

भरू नका. जुन्या काचेला डोळ्यांना न दिसणारे तडे असतात आणि दाबाखाली त्या फुटतात. बुडाशी किंवा अंगावर उठावात एखाद्या कंपनीचं वा गावाचं नाव असेल तर ती घासून पुसून कपाटात ठेवा. हिरवट-निळसर रंग असेल तर तो काचेच्या वाळूतल्या लोहामुळे. कुणी मुद्दाम रंगवलेली नाही. पाणी भरून मनीप्लांट लावणारे आहेत, पण गोटी आत हिंदकळत राहते आणि मुळं गुंतून बसतात.

गाडीवर बाटली परत द्यायची, की घरी नेली तरी चालते?

तिथेच संपवा आणि परत द्या. नेणारच असाल तर डिपॉझिट भरा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्या. ‘राहू दे, पैसे कापून घ्या’ असं म्हणू नका. त्याला पैसे नको आहेत, बाटली हवी आहे. क्रेटमध्ये जितक्या कमी बाटल्या परत जातात तितका उद्याचा माल कमी. डिपॉझिटच्या पैशात त्याला नवी बाटली मिळत नाही.

दुपारी एक वाजता गाड्या असतात का?

मोजक्याच. बहुतेक चारनंतर लागतात. दुपारचा हवा असेल तर नवी पेठेतली दुकानं, किंवा बायकोला विचारून फ्रीजमधला.